‘बायबॅक’ला जांगड म्हणावं का?

टिपणकार:
व्यवस्थापनाच्या मराठी टिपणांसाठी ‘बायबॅक कॉन्ट्रॅक्ट’ला, म्हणजे दुकानात उरलेला माल कारखान्यानं परत घ्यायच्या कराराला, शब्द हवाय. ‘पुनर्खरेदी’ लिहिलं, पण ते वाचून डोक्यात शेअर बाजार येतो. नागपूरच्या इतवारी बाजारात लहानपणापासून ‘जांगड’ ऐकलाय. चालेल?

गांधीबागवाला:
नाही चालणार. जांगडावर नेलेला माल दुकानात आला तरी मालकी देणाऱ्याचीच. पसंत पडला, ठेवून घेतला, की सौदा पक्का. सराफ घरी दाखवायला दागिने देतो ते जांगडावर. १९३० च्या माल विक्री कायद्यातलं २४ वं कलम अशाच व्यवहाराचं आहे. बायबॅकमध्ये माल विकत घेतलेला असतो. उरला तर ठरल्या भावानं परत जातो. मी तरी ‘परतीच्या बोलीवर’ म्हणेन.

कूलरवाला:
‘परतबोली’ करा, सुटसुटीत. पण ‘ठरल्या भावानं’ यातच सगळी गोम आहे. समजा, कूलर बनवायला ४,००० लागले, दुकानदाराला ६,००० ला दिला, गिऱ्हाइकानं ८,००० ला नेला. उरलेल्याची किंमत शून्य धरा (इतकी वाईट गत नसते, हिशेबापुरती). परत घेणार नाही म्हटलं तर खपला की दुकानदाराचे २,००० सुटतात, पडून राहिला की ६,००० बुडतात. तो हात आखडूनच माल उचलणार. कारखाना नि दुकान एकाच मालकाचं असतं तर सुटले तरी ४,०००, बुडाले तरी ४,०००.

आता परतबोली ४,००० ची ठेवा. दुकानदाराचे सुटतील २,००० नि बुडतील २,०००. प्रमाण तेच झालं, म्हणून माल तो एकच मालक असता तर भरला असता तेवढाच भरतो. पूर्ण ६,००० परत देतो म्हटलं तर गोदाम भरून टाकेल, त्याचं काय जातं! व्यवस्थापनाचे अभ्यासक बॅरी पॅस्टर्नॅक यांनी १९८५ मध्ये हे गणितानं मांडलं. आणि गंमत बघा, परतबोलीचे हे ४,००० काढताना उन्हाळा कडक की नरम हे कुठं विचारावंच लागलं नाही.

टिपणकार:
म्हणजे मागणी कशीही फिरली तरी करार तोच?

कूलरवाला:
माल बनायच्या आधी फिरली तर तोच, तयारी झाल्यावर फिरली तर नाही. फेब्रुवारीत पत्रा कापला, मोटारी आणल्या, अन् एप्रिलात अवकाळी पडला तं कूलरले कोणी विचारत नाही. उलट मार्चातच तापलं तर जास्तीची पाळी लावून माल काढावा लागतो. ऐनवेळी बेत बदलायचा हा खर्च जुन्या करारात नसतो. तो कोणी किती सोसायचा हे नव्यानं लिहावं लागतं. फरक थोडा असेल तर संख्या तशीच ठेवून नुसता भाव हलवणं बरं पडतं.

टिपणकार:
याला मी ‘मागणीतील व्यत्यय’ लिहिलंय.

गांधीबागवाला:
व्यत्यय म्हणजे अडथळा. मागणी एकदम वाढली तर तो कसला व्यत्यय? आणि बाजारात ‘मागणी’ कमी, ‘उठाव’ जास्त ऐकू येतो: उठाव आहे, उठाव बसला. ‘उठाव फिरणे’ लिहा, वर-खाली दोन्ही येतं त्यात. ‘कोऑर्डिनेशन’ला, म्हणजे दोघांनी मिळून एकाच मालकासारखं वागण्याला, मात्र ‘समन्वय’ राहू द्या. ‘मेळ बसणे’ गोड आहे, पण ‘मेळ बसवणारा करार’ म्हटलं की पत्रिका जुळवल्यासारखं वाटतं.

टिपणकार:
‘परतबोली’ घेतो. जांगड वेगळी नोंद म्हणून शेजारीच ठेवतो, नाहीतर इतवारीतले विद्यार्थी मलाच विचारतील.