१९३९ चा रुपया ग्रेडिंगला पाठवायचाय, मदत हवी आहे

मी साताऱ्याचा. जॉर्ज सहावाचा १९३९ चा चांदीचा रुपया आहे, ह्या सालाचे खरे कमी आणि डुप्लिकेटच जास्त म्हणून एनजीसी नाहीतर पीसीजीएस (नाण्याचा खरेपणा तपासून दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन कंपन्या) यांच्याकडनं ग्रेड करून घ्यायचाय. सराफाकडं वजन केलं, ११.६४ ग्रॅम भरलं (पाहिजे ११.६६), चुंबकाला चिकटत नाही, कडेचे दाते पण नीट आहेत. चिंच-पितांबरी काही लावलेली नाही, घासलेल्या नाण्याला आकड्यातली ग्रेड न मिळता नुसता 'डिटेल्स' शेरा येतो हे माहितीय. शंभर वर्षं व्हायचीत त्यामुळं पुरातन वस्तूंच्या कायद्यात अडकू नये, व्हिक्टोरियाचे रुपये न् शिवराई नाणी त्यासाठीच पाठवत नाहीये. विकायचा नाही, 'किती घेणार' नको. थेट परदेशी कुरियर करायची हिंमत नाही पण पुण्या-मुंबईला स्वतः नेऊन देईन. तर एकच नाणं ग्रेडिंगला पाठवायला घेणारा अधिकृत डीलर कुणाच्या अनुभवातला आहे का, आणि परत येताना कस्टम लागू नये म्हणून जातानाच कुठले कागद करून ठेवायला लागतात?