फौज परदेशी धाडण्याआधी संसदेत मतदान हवं

परदेशात सैन्य पाठवायला संसदेची मंजुरी लागतेच, असं काही जण म्हणतात. तशी अट आपल्या राज्यघटनेत नाही. सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे, निर्णय मंत्रिमंडळाचा. पण कलम ५३ म्हणतं की हा अधिकार कायद्यानं नियमित व्हावा. म्हणजे संसदेनं मनात आणलं तर मतदानाची अट घालता येईल.

श्रीलंकेचंच बघा. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत भारत-श्रीलंका करारावर सह्या झाल्या आणि लगोलग भारताची शांतिसेना तिथे उतरली. आधी संसदेत मतदान नाही. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतेपर्यंत हजाराहून जास्त जवानांचा जीव गेला होता.

गोवामुक्तीचा दाखला मात्र इथे देऊ नये. १९६१ ची कारवाई आपल्याच भूमीसाठी होती.

जर्मनीत २००५ च्या कायद्यानुसार सशस्त्र मोहिमेला बुंडेस्टागची, म्हणजे तिथल्या संसदेची, पूर्वसंमती लागते. अमेरिकेचा १९७३ चा कायदा तुलनेनं ढिला: सैन्य धाडल्यावर ४८ तासांत संसदेला कळवा, तिची मंजुरी नसेल तर ६० दिवसांत थांबा. त्यालाही राष्ट्राध्यक्षांनी पळवाटा काढल्याच.

आम्ही गोव्यातल्या वास्कोत नौदलाच्या कुटुंबांशेजारी राहतो. त्यांची मुलं कुठे आणि कशासाठी जाणार, यावर गोव्याच्या दोन्ही लोकसभा खासदारांनी नाव नोंदवून मत द्यावं, एवढंच मागणं आहे.