परफॉर्मन्स ग्रेडला ‘पळवाट’ म्हणणं थांबवा

मध्यसप्तक: एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या पियानो परीक्षेत २०२०पासून नेहमीच्या ‘प्रॅक्टिकल’ परीक्षेला परफॉर्मन्स ग्रेड हा वेगळा पर्याय आहे. प्रॅक्टिकलमधल्या स्केल्स (स्वरांचे चढते-उतरते क्रम), साइट-रीडिंग (न पाहिलेलं पान वाचून वाजवणं), ऑरल (ऐकून उत्तर देण्याची कानाची परीक्षा) यांतलं काहीच नाही. चार पीस, म्हणजे रचना, सलग वाजवून एका टेकमध्ये रेकॉर्डिंग पाठवायचं. लेक पाचव्या ग्रेडला हीच परीक्षा देणार आहे, आणि जो तो “सोपा मार्ग धरलात” म्हणतो. सोपा कसा? १५०पैकी प्रत्येक पीसला ३० गुण, उरलेले ३० संपूर्ण सादरीकरणाला. पीस कोणत्या क्रमाने लावले, एकातून दुसऱ्यात शिरताना मूड कसा बदलला, तिसऱ्यात अडखळल्यावर चौथ्यात सावरलं का, हे सगळं त्यात येतं. नेहमीच्या प्रॅक्टिकलमध्ये या गोष्टीला स्वतंत्र गुणच नाहीत!

पेडलवाली: मी पियानो शिकवते, माझा विरोध आहे. वर्षभर चारच पीस घोटून वाजवणारी मुलं मी पाहते. नवं पान समोर ठेवलं की डावा हात थिजतो. साइट-रीडिंगला अर्धा मिनिट पाहायला मिळतं आणि मग वाजवायचंच, ती सवय परीक्षेच्या धाकानेच लागते. आणि रेकॉर्डिंग मनासारखं होईपर्यंत पुन्हा करता येतं, त्याचं काय?

मध्यसप्तक: ताई, करता येतं, पण तुकडे जोडता येत नाहीत. चौथ्या पीसच्या शेवटच्या ओळीत घसरलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि धाकाचं म्हणाल तर प्रॅक्टिकलमध्ये साइट-रीडिंगला २१च गुण आहेत. पीसना ७८, स्केल्सना १५, ऑरलला १४ मिळाले की १०७ झाले. उत्तीर्ण व्हायला १०० पुरतात आणि प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागत नाही. म्हणजे वाचन पार कोसळलं तरी प्रमाणपत्र हातात. मग परीक्षा वाचन शिकवते असं कसं म्हणायचं? ते शिक्षक शिकवतात.

पेडलवाली: हिशेब मान्य. पण तुम्ही आईवडिलांच्या बाजूने बघताय. पालक गुण मागतात, वेळ आठवड्याला एक तास. ज्याला गुण नाहीत ते त्या तासातून सगळ्यात आधी बाहेर पडतं. स्केल्स गेल्या की आधी अंगठा आत घेणं बिघडतं, मग बाखच्या पीसमध्ये बोटं कुठे ठेवायची याचा गोंधळ. हे दोन ग्रेड उलटल्यावर दिसतं, तोवर उशीर झालेला असतो.

उशिरा_शिकणारा: मी नोकरी सांभाळून चाळिशीत शिकायला लागलो. ऑरलमध्ये एक्झामिनरने पियानोवर वाजवलेली ओळ गाऊन दाखवायची म्हटलं की माझा आवाजच फुटत नाही, कान बरा असूनही. परफॉर्मन्स ग्रेड नसती तर मी परीक्षेचं नाव घेतलं नसतं. पूर्ण कार्यक्रम उभा करण्यात केवढी मेहनत आहे हे केल्याशिवाय कळत नाही.

पेडलवाली: तुमच्यासाठी मीही हीच सुचवेन. माझं म्हणणं दहा-बारा वर्षांच्या मुलांबद्दल आहे.

नवीनपालक: पुढे या प्रमाणपत्राची किंमत कमी धरतात का?

मध्यसप्तक: नाही. सहावी ते आठवी ग्रेडला ब्रिटनमधल्या विद्यापीठ प्रवेशासाठीचे यूकासचे गुण दोन्ही प्रकारांना सारखेच. आणि सहाव्या ग्रेडच्या आधी पाचव्या ग्रेडची थिअरीची (संगीतशास्त्राची) परीक्षा दोन्हीकडे लागते, ती मात्र आतापासून सुरू करा. ताईंच्या मुद्द्यावर एवढंच: आमच्याकडे स्केल्स चालू आहेत. ज्या स्वरात पीस आहे, त्याच स्वरातल्या, रोज, पीसच्या आधी.

पेडलवाली: मग पाचवी खुशाल द्या. सहावीला मात्र प्रॅक्टिकलच द्या, हा माझा आग्रह राहील.