मदत हवी आहे: दुकानदारांसाठी ऑनलाइन आणि फोनवरच्या फसवणुकीचं एक पानी पत्रक, त्यात नेमकं काय लिहू?

रोजकीर्द

नमस्कार. आमच्या पेठेत साठेक दुकानं आहेत. किराणा, भुसार, मिठाई, हार्डवेअर, शिवाय जेवणाच्या ऑर्डरी घेणारे तीनचार जण. व्यापारी मंडळातर्फे प्रत्येक गल्ल्यापाशी चिकटवता येईल असं एक पानी पत्रक करते आहे. "ओटीपी कुणाला देऊ नका" हे आता सगळ्यांना पाठ आहे, तरीही पैसे जातातच. म्हणून ठरावीक प्रश्न विचारते:

१. लष्करी छावणीतून बोलतोय असं सांगून येणाऱ्या मोठ्या ऑर्डरीत पैसे नेमके कोणत्या क्षणी जातात?
२. खोटं पेमेंट दाखवून माल नेणारे गर्दीत कसे ओळखायचे? गल्ल्यावर बहुतेक वेळा कामावरचा मुलगा असतो, मालक नव्हे.
३. पैसे गेलेच तर पहिल्या तासात काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने?

जाणकारांनी कृपया तपशिलात सांगावं.

वजनकाटा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. केटरर, मिठाईवाले आणि हार्डवेअरवाले यांना सगळ्यात जास्त याच प्रकाराने गाठतात.

फोन हिंदीत येतो. जवळच्या खऱ्या छावणीचं नाव घेतात. नाशिककडे देवळाली, नगरकडे तिथलं लष्करी केंद्र. ऑर्डर मोठी पण पटण्यासारखी असते: पन्नास जणांचं जेवण, वीस किलो पेढे. भावाची घासाघीस अजिबात नाही, ही पहिली खूण. मग व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो, कँटीन कार्ड आणि आधार कार्ड येतं. हे कागद बहुधा दुसऱ्याच कुणाचे चोरलेले असतात, त्यामुळे कार्ड खरं दिसलं तरी त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

माल तयार होईपर्यंत पैशाचा विषय निघत नाही. तयार झाला की दुसरा माणूस फोनवर येतो, "अकाउंट विभागातला साहेब". तो सांगतो, लष्कराची पैसे देण्याची पद्धत वेगळी आहे, आधी तुमचं खातं पडताळावं लागेल, एक रुपया पाठवा. तुम्ही एक पाठवता, तो खरोखर दोन परत पाठवतो. विश्वास बसतो तो इथेच. त्यानंतर तो म्हणतो, आता पडताळणीचा कोड टाका: २४५००. हा कोड तो रकमेच्या चौकटीत टाकायला लावतो आणि वर ॲपमध्ये पिनही टाकायला लावतो. दुकानदाराच्या डोक्यात तो कोड असतो, ॲपच्या लेखी ती साडेचोवीस हजारांची रक्कम. दुसरी तऱ्हा म्हणजे "हा क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील".

पूर्वी यासाठी पैशाची मागणी पाठवण्याची, म्हणजे कलेक्ट रिक्वेस्टची सोय वापरली जायची. एका व्यक्तीने दुसरीकडे अशी मागणी पाठवणं १ ऑक्टोबर २०२५ पासून एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, बंद केलं. त्यामुळे आता सगळा भर क्यूआरवर आणि "कोड"वर आहे.

पत्रकावर एकच वाक्य ठळक छापा: पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार आहेत.

पण नुसत्या वाक्याने भागत नाही, कारण त्या घडीला दुकानदार नाशवंत माल समोर घेऊन बसलेला असतो आणि ऑर्डर हातची जाईल या भीतीने सांगतील ते करतो. म्हणून बंदोबस्त आधीच हवा. अनोळखी माणसाच्या मोठ्या ऑर्डरीला चूल पेटवण्यापूर्वी निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, आणि ती त्याने तुमच्या दुकानाच्या क्यूआरवर भरावी. तुम्ही त्याच्याकडे एक रुपयाही पाठवायचा नाही. "नियमात बसत नाही" म्हणाला तर गाडी येईल तेव्हा रोख घेऊन या म्हणावं. खरं गिऱ्हाईक यावर काहीतरी तोड काढतं, लबाड फोन ठेवतो.

सही_शिक्का

दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरची हिरवी खूण हा पुरावा धरूच नका. हुबेहूब तसा पडदा दाखवणारी खोटी ॲप आहेत. दुकानाचं नाव आणि रक्कम भरली की आवाजासकट "पेमेंट यशस्वी" दिसतं. बारा आकडी व्यवहार क्रमांकसुद्धा दिसतो, म्हणून तो क्रमांक पाहूनही निर्धास्त होऊ नये. पैसे आपल्या बाजूला दिसले तरच आले.

साउंडबॉक्स, म्हणजे पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणारं यंत्र, बोलला नाही तर दुकानाच्या ॲपमधली व्यवहारांची यादी उघडून बघायची. एसएमएसवर विसंबू नये, तो उशिरा येतो आणि खोटाही पाठवता येतो. "चुकून अडीच हजारांऐवजी पंचवीस हजार पाठवले गेले, वरचे परत करा" या प्रकारात जमा झाल्याचा एसएमएस गिऱ्हाइकानेच पाठवलेला असतो. साध्या दहा आकडी नंबरावरून आलेला असेल तर तो बँकेचा नाही. बँकेचा मेसेज नोंदणीकृत नावाने येतो आणि आता त्या नावाच्या शेवटी एस किंवा टी अक्षर असतं, सरकारी मेसेजला जी.

कामावरच्या मुलासाठी: दुकानाच्या बऱ्याच ॲपमध्ये कर्मचाऱ्याला वेगळा प्रवेश देता येतो. त्यात त्याला जमा झालेले पैसे दिसतात, पण पैसे पाठवता येत नाहीत. ही सोय जरूर वापरा. मालकाला फोन करून "आले का हो?" विचारण्यात गर्दीच्या वेळी दोन मिनिटं जातात, आणि लबाडाला तेवढाच वेळ पुरतो.

आता क्यूआरचं स्टिकर. रात्रीतून दुकानाच्या स्टिकरवर दुसरं चिकटवून जातात. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत अनेक दुकानांचे आणि एका पेट्रोल पंपाचे क्यूआर असेच बदलले गेले. उपाय साधा आहे: दुकान उघडलं की आपल्याच फोनने क्यूआर स्कॅन करायचा, नाव कुणाचं येतं ते बघायचं, पैसे भरायची गरज नाही. स्टिकर शटरबाहेर नको, गल्ल्याच्या काचेखाली आतल्या बाजूने लावावं. आणि गिऱ्हाइकाला "नाव काय येतंय?" असं विचारायची सवय मुलांना लावा. दिवसभर हीच तपासणी आपोआप होत राहते.

रोजकीर्द

फार उपयोगी. एक उपप्रश्न: "माझ्या खात्यातून कापले गेले, तुमच्याकडे आले नाहीत त्याला मी काय करू?" असं गिऱ्हाईक भांडतं तेव्हा काय सांगायचं? कधीकधी ते खरंही असतं.

गल्ला

खरं असू शकतं. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे: दुकानाला केलेलं यूपीआय पेमेंट कापलं गेलं आणि दुकानाला पोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते गिऱ्हाइकाच्या खात्यात आपोआप परत गेलं पाहिजे. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणून शांतपणे सांगा: "तुमचे पैसे बुडणार नाहीत, बँकच परत देईल, आत्ता रोख द्या किंवा माल बाजूला ठेवतो." त्याची रक्कम तुम्ही स्वतःहून परत पाठवू नका.

माळवद

फोनवरच्या प्रकारांची भर घालतो, थोडक्यात.

वीजबिल: "आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर बोला." महावितरणचे मेसेज एमएसईडीसीएल या नावाने येतात, कुणाच्या खासगी मोबाइलवरून नाही. शंका आली तर वीज तक्रारीच्या १९१२ या क्रमांकावर विचारा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. फी मागणारी स्थळं दिसायला सरकारीच दिसतात. मुद्रा कर्ज बँकेतून किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेतून मिळतं, त्यासाठी आगाऊ "प्रक्रिया शुल्क" मागणारा फोन खोटा.

जीएसटीची नोटीस आली तर घाबरून त्यातल्या नंबरावर फोन करू नका. जीएसटी पोर्टलवर किंवा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या स्थळावर नोटिशीवरचा क्रमांक तपासता येतो. क्रमांक नसेल किंवा सापडत नसेल तर आधी आपल्या कर सल्लागाराला दाखवा.

"डिजिटल अरेस्ट" नावाची अटक कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कुणी कितीही मोठा अधिकारी दिसला तरी फोन ठेवायचा.

साउंडबॉक्स बिघडला की लोक गूगलवर ग्राहक सेवेचा नंबर शोधतात, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. समोरचा एनीडेस्कसारखं, म्हणजे आपला पडदा त्याला दिसेल असं ॲप टाकायला सांगतो. नंबर घ्यायचा तो ॲपच्या आतला किंवा यंत्राच्या पाठीवरचा.

शेवटचं एपीके, म्हणजे फोनमध्ये परस्पर ॲप टाकणारी फाइल. वाहतूक चलान, लग्नपत्रिका, कुरिअरची पावती अशा नावाने व्हॉट्सॲपवर फाइल येते. ती टाकली की आपले मेसेज परस्पर दुसरीकडे जातात आणि ओटीपी न सांगताही खातं रिकामं होतं. चुकून टाकली गेली तर लगेच काढून टाकायची.

दप्तरी

माळवद, शेवटच्या वाक्यात एक दुरुस्ती. काढण्याच्या खटपटीत वेळ घालवू नये. ती ॲप बऱ्याचदा सहजी निघतच नाहीत. आधी नेट आणि वायफाय बंद, सिम बाहेर. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करायचं. त्यानंतर फोन फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा.

आता तिसरा प्रश्न. क्रम असा ठेवा:

१. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन. लागत नसेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लगेच तक्रार. हाताशी असावं: आपला खाते क्रमांक, बारा आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ, समोरच्याचा नंबर किंवा यूपीआय आयडी.
२. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने बँकेच्या मदतीच्या फोन नंबरावर फोन करून खात्यातून जाणारे पैसे थांबवायचे. बँकेकडून तक्रार क्रमांक घ्या.
३. १९३० कडून पोचक्रमांक येतो. त्यावरून पोर्टलवरची लेखी तक्रार २४ तासांत पूर्ण करा.
४. व्हॉट्सॲपवरचं संभाषण पुसू नका. कॉलची यादी आणि क्यूआरचा फोटो जपून ठेवा.

घाई कशासाठी, तेही पत्रकावर लिहा. चोरलेले पैसे एका खात्यात थांबत नाहीत. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढेपुढे सरकतात आणि शेवटी एटीएममधून निघतात. १९३० ची यंत्रणा ते जिथे पोचले असतील त्या बँकेला रक्कम रोखायला सांगते. एकदा रोख निघाली की रोखायला काही उरत नाही.

रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घातलेला नियमही माहीत असावा. तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याकडून पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर भार नाही. पिन तुम्हीच टाकला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. कळवल्याची वेळ लेखी मिळवायची ती त्यासाठी.

आणि एक व्यवस्था: यूपीआयला जोडलेलं खातं वेगळं ठेवा. रोज संध्याकाळी त्यातली रक्कम मुख्य खात्यात वळवा. मोठ्या पुरवठादाराने "आमचं बँक खातं बदललं" असा ईमेल केला तर जुन्या नंबरावर फोन करून खात्री करा. एनईएफटी, आरटीजीएस करताना आता खातेदाराचं नाव आधी बघता येतं, ते न बघता पैसे सोडू नका.

रोजकीर्द

सगळ्यांचे मनापासून आभार. अजून एक, हे बऱ्याच जणांनी विचारलं: फसवणूक झालेली नाही, उलट गिऱ्हाइकाने रीतसर पैसे दिले, आणि चार दिवसांनी दुकानदाराचंच खातं गोठलं. हे कसं?

दप्तरी

गिऱ्हाइकाने दिलेले पैसे चोरीचे होते. कुठल्या तरी राज्यात तक्रार झाली, माग काढताना तुमचं खातं सापडलं. सगळ्यात मोठं दार म्हणजे "मी यूपीआय करतो, मला रोख द्या" म्हणणारा अनोळखी माणूस. त्यात विक्री नाही, बिल नाही, म्हणजे तुमच्या बाजूने दाखवायला काहीच नाही. ही देवघेव बंद करा असं पत्रकावर स्पष्ट छापा. तसंच जास्त पैसे पाठवून "उरलेले दुसऱ्या खात्यात टाका" म्हणणाऱ्यालाही नकार द्या. परतावा द्यायचा तर ज्या खात्यातून आला त्याच खात्यात.

खातं गोठलंच तर शाखेत अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यात तीन गोष्टी विचारा: तक्रारीचा पोचक्रमांक, कोणत्या पोलीस ठाण्याने कळवलं, वादातली रक्कम किती. मग त्या ठाण्याला बिल, डिलिव्हरी चलान, जीएसटी क्रमांक आणि असल्यास सीसीटीव्हीचं चित्रण पाठवून सांगा की ही विक्री होती; फक्त वादातली रक्कम रोखावी, बाकी खातं मोकळं करावं. नुसती तेवढीच रक्कम रोखून ठेवता येते, सबंध खातं बंद असण्याची गरज नसते.

बँक माहितीच देत नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा ते समाधानकारक नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. मात्र तक्रारीचा विषय "खातं गोठवलं" असा लिहू नका, ते पोलिसांच्या सांगण्यावरून झालेलं असतं. "बँकेने अर्जाला उत्तर दिलं नाही" असा लिहा आणि पोच घेतलेला अर्ज जोडा.