मदत हवी आहे: एसटीत ड्युटी, घरी सीओपीडी असलेले वडील. श्वासाची नवी साथ आली तर घरात काय करावं?

नमस्कार. मी एसटीत वाहक आहे, सध्या नाशिक-पेठ फेऱ्या करते. घर नाशिकरोडला, जेलरोडच्या बाजूला. दोन खोल्या आणि एक छोटी गॅलरी. घरात मी आणि वडील. आप्पांचं वय ७६, सीओपीडी म्हणजे फुप्फुसाचा जुनाट, श्वास कोंडणारा आजार आहे, श्वासातून औषध घ्यायचे रोजचे दोन पंप चालू असतात.

विचारण्याचं कारण सांगते. फेब्रुवारी २०२१ च्या शेवटी माझं दोन दिवस अंग कसकसत होतं. ताप नाही, खोकला नाही. ड्युटी केली, घरी येऊन आईच्या शेजारी बसून जेवले. आठवड्याभरात आई कोविडनं आजारी पडली आणि त्यातच गेली. साठीपुढच्यांची लस १ मार्चला सुरू झाली होती, तिचा नंबर लागलाच नाही. कुठून आलं ते कुणी सांगू शकत नाही हे मला कळतं. पण त्या घरातून रोज बाहेर जाणारी मी एकटीच होते.

जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही या श्वासाच्या विषाणूच्या बातम्या आल्या तेव्हा आप्पा दोन रात्री झोपले नाहीत. तो विषाणू २००१ मध्येच सापडलेला आहे, नवा नाही, हे मागाहून समजलं. पण खरोखर नवा आला तर लस हाताशी नसणार. त्यात २०२७ ला आपल्याकडे सिंहस्थ. देशभरातून माणूस येणार, जादा गाड्या लागणार. म्हणून काही नसताना, आत्ताच विचारतेय.

माझ्या अडचणी अशा. तिकिटं काढताना मोठ्यानं बोलावं लागतं, माणसं अंगाला अंग लावून उभी असतात. निफाडचा पारा खाली गेला की सावळघाटात गाडीची एक काच कुणी उघडू देत नाही. पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे, त्यामुळे आप्पांच्या वयाची माणसं गाडीत रोज असतात, त्यांचंही वाटतंच. मी मास्क लावेन, पण आठ तास तोच एन-९५ चालतो का? दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरावा का? धुवावा का?

घरातली गोष्ट याहून अवघड आहे. आप्पांना ऐकायला कमी येतं. कानाजवळ तोंड नेऊन ओरडल्याशिवाय त्यांना कळत नाही, आणि दिवसभरात बोलायला त्यांना मीच असते. वेगळं बसायचं म्हटलं की गप्प होतात. तिसरं म्हणजे, ऑक्सिमीटरवर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात ते) त्यांचा आकडा एरवीच ९१-९२ असतो. सगळीकडे ९४ च्या खाली गेलं की दवाखाना असं लिहिलेलं. मग मी कधी घाबरायचं?

*

ताई, देवळाली कॅम्पहून लिहितेय. वॉर्डात तीस वर्षं नर्स होते, आता निवृत्त.

आधी आकड्याचं. आप्पा बरे असताना आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा, वहीत लिहा. ती वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि ‘यांच्यासाठी कितीच्या खाली आलं की निघायचं’ हे कागदावर लिहून घ्या. सीओपीडीत बऱ्याच जणांचं लक्ष्य ८८ ते ९२ च असतं. घरी सिलिंडर आणलाच तर आकडा वाढवायला स्वतःहून ऑक्सिजन वाढवू नका, अशा रुग्णात तो जास्त झाला तर कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. ओठ निळे पडले, वाक्य पुरं बोलता येईना, माणूस भ्रमात बोलू लागला, तर आकडा न बघता १०८ ला फोन.

मास्क धुवायचा नाही. पाच मास्क घ्या, वारांप्रमाणे वापरा, काढला की कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. घामानं ओला झाला, पट्टा सैल पडला की टाका. नाकावरची पट्टी दाबून बसवा आणि जोरात श्वास सोडून बघा, कडेनं वारा लागला तर तो मास्क तुमच्या चेहऱ्याचा नाही. झडप असलेला घेऊ नका, त्यातून तुमचा श्वास न गाळता बाहेर पडतो, म्हणजे आप्पांना त्याचा उपयोग नाही.

आणि फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकोकलची, म्हणजे न्यूमोनियाच्या एका जंतूवरची, डॉक्टरांना विचारून. नव्या विषाणूवर त्या चालणार नाहीत, पण त्याच दिवसांत दुसऱ्या न्यूमोनियानं आप्पांना अॅडमिट करायची वेळ टळू शकते. वाफेनं विषाणू मरत नाही. म्हातारी माणसं भाजून आलेली मी पाहिली आहेत.

*

मी सिडकोत राहतो, शिक्षक आहे. कपडे, पिशव्या यांच्यापेक्षा हवेकडे लक्ष द्या. हात साबणानं २० सेकंद धुवा, बाकी सगळा जोर हवा खेळती ठेवण्यावर द्या. गॅलरीचं दार आणि समोरची खिडकी एकदम उघडी ठेवा, खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून लावा, खोलीतली हवा ओढून बाहेर फेकतो. आप्पांशी बोलणं बंद करू नका. समोरासमोर न बसता गॅलरीत शेजारी-शेजारी बसा, दोघांची तोंडं रस्त्याकडे. आमच्या वडिलांसाठी आम्ही मुलांची पाटी ठेवली होती, मोठ्या अक्षरात लिहायचो. कानाच्या मशीनचंही एकदा सिव्हिलला विचारा.

*

मूळ प्रश्न विचारणारी: दोघांचेही मनापासून आभार. पाटी आणली. आप्पांनी पहिल्यांदा त्यावर स्वतःच लिहिलं, ‘चहा’. वही कालपासून सुरू केली, सकाळी ९२, रात्री ९१. डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली आहे. नर्सताई, एक राहिलं: मुक्कामी गाडी असली की मी रात्रभर बाहेर असते. त्या रात्री श्वास वाढला तर आप्पांनी एकट्यानं आधी काय करायचं, कोणता पंप किती वेळा, हेही डॉक्टरांकडून लिहून घेऊ ना? कागद मोठ्या अक्षरात करून त्यांच्या उशाशी भिंतीवर लावते.