रोमन व्यापाऱ्याचा ड्रेस घरी शिवायचाय, कापड कुठलं घेऊ?

सोपाराकर:
नमस्कार मंडळी. आमचा नालासोपारा-विरार बाजूला इतिहासवेड्यांचा छोटासा ग्रुप आहे, दिवाळीच्या आसपास जुन्या बंदरावर एक कार्यक्रम करतोय आणि त्यात पहिल्या शतकात सोपाऱ्याला उतरलेला रोमन व्यापारी मी होणार आहे. नाटकाच्या ड्रेसवाल्याकडे गेलो तर त्याने पांढरं सॅटिन, सोनेरी लेस आणि पानांचा मुकुट काढून दाखवला, वर म्हणे साहेब राजा शोभाल. मला ते नकोय, हाताने शिवलेलं आणि जमेल तेवढं खरं हवंय. टोग्याला किती मीटर लागतं? आणि लोकर सोडून काही चालेल का, इथल्या उकाड्यात लोकर म्हणजे माझी वाफच होईल. शिवण बेतास बात, बटण लावणं आणि पॅन्टची दुमड एवढंच येतं.

टाकादोरा:
टोगा आधी डोक्यातून काढा. अर्धगोल कापड असतं ते, साधारण साडेपाच मीटर लांब आणि मधे अडीच मीटरच्या आसपास रुंद, एकट्याने नेसवत नाही आणि डावा हात त्यातच अडकून राहतो, जहाजावरचा माल उतरवणारा माणूस ते कशाला घालेल? शिवाय टोगा फक्त रोमन नागरिकाचा. आणि नागरिकांनाही त्याचा कंटाळाच होता, जुवेनाल नावाचा कवी लिहून गेलाय की इटलीच्या बऱ्याच भागात माणूस मेल्याशिवाय टोगा चढवत नाही 😄

तुम्हाला हवा ट्युनिक. दोन चौकोनी तुकडे, खांद्यावर आणि बाजूंनी जोडलेले, डोकं आणि हात जातील एवढ्या फटी ठेवायच्या, उशीचा अभ्राच समजा. गळा गोल कापायचा नाही, आडवी फट. बाही वेगळी लावायची नाही, रुंदी कोपरापासून कोपरापर्यंत घेतली की कापड आपोआप दंडावर पडतं. मोठ्या पन्ह्याचं (५८ इंची) अडीच मीटर घ्या, भरपूर झालं. कमरेला पट्टा बांधून वरचं कापड थोडं ओढून घ्यायचं. उंचीचा नियम क्विंटिलियन या वक्तृत्वाच्या मास्तराने दिलाय, पुढून गुडघ्याच्या जरा खाली आणि मागून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत, त्याच्या खाली गेलं तर बायकी आणि वर गेलं तर सैन्यातल्या सेंचुरियनसारखं. त्यामुळे आधी मांजरपाटाचा एक कच्चा शिवून बघा, मगच महागाच्या कापडाला कात्री लावा. शिवण सगळी हाताने, आत धावदोरा आणि कडेला तुरपाई. इंटरलॉक दिसलं की खेळ खल्लास.

पेरिप्लसप्रेमी:
वरच्या ताईंशी सहमत, फक्त कापडाबद्दल बोलतो. हा व्यापार इजिप्तच्या लाल समुद्रावरच्या बंदरांतून चालायचा, जहाजं तिकडून जुलैच्या सुमारास निघायची आणि पावसाळी वाऱ्यावर आपल्याकडे पोचायची. म्हणजे तो बिचाराही ऑक्टोबर हीटमध्येच इथे होता, लोकरवाला 😅 पण लोकर म्हणजे घोंगडी डोळ्यासमोर आणू नका, पातळ विणीचीही असायची. आणि माणूस इजिप्तकडचा दाखवलात तर लिनन बिनधास्त घाला, तिथे जवसाच्या धाग्याचं कापड पूर्वापार होतं.

सुती घातलं तर चूक नाही असं माझं मत, कारण तो आपल्याकडून कापडच तर न्यायला आलेला. तिकडच्याच बेरेनिके बंदराच्या उत्खननात भारतीय सुती कापडाचे तुकडे निघालेत. पेरिप्लसमध्ये, म्हणजे त्या काळच्या सागरी व्यापारावरच्या ग्रीक ग्रंथात, तगरहून, म्हणजे आपल्या तेरहून, भडोचला कापड जायचं असं आहे. त्याच ग्रंथात कल्याणला चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेतात असंही लिहिलंय, कार्यक्रमात तो प्रसंग घ्या की! पहारेकऱ्यासकट.

टाकादोरा:
सुतीला माझा विरोध. चूक नसेलही पण लांबून नाइट शर्ट दिसतो, लोकरीला जो जड झोल पडतो तो सुतीला नाही. मंगळदास मार्केटला सूटिंगवाल्यांकडे पातळ प्युअर वूल मागा. पॉलिएस्टर मिसळलेलं टेरीवूल गळ्यात मारतील, म्हणून दोन धागे काढून जाळून बघायचे, केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर.

रंग न दिलेला ऑफव्हाइट उत्तम. लाल हवा तर मंजिष्ठा वापरा, रोमन लोकांची वनस्पती वेगळी पण त्याच कुळातली, काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात तापवून घ्यायची. खळखळ उकळायचं नाही आणि गरम भांड्यातून काढून एकदम गार पाण्यात टाकायचं नाही, आटून लहान मुलाच्या मापाची होईल.

खांद्यापासून खालपर्यंत दोन उभे पट्टे देणार असाल तर अरुंद ठेवा. रुंद जांभळे पट्टे सिनेटरचे.

लालबागचा_पम्या:
चपलांचं काय? चेंबूरला ठक्कर बाप्पा कॉलनीत फोटो दाखवलात की कोणीतरी बनवून देईल. खिळे ठोकलेल्या सैनिकी चपला मात्र नका घेऊ, प्लॅटफॉर्मच्या लाद्यांवर सरळ आडवे व्हाल, आणि तशाही त्या शिपायाच्या, व्यापाऱ्याच्या नव्हेत.

सोपाराकर:
एक नंबर माहिती मंडळी 🙏 टोगा कॅन्सल. पहारेकरी व्हायला ग्रुपमधले तिघं आत्ताच भांडतायत. मांजरपाट घरात पडलंय, आज रात्रीच बसतो. काडेपेटी घेऊन रविवारी मंगळदासला जातो.

टाकादोरा:
अहो रविवारी बंद असतं ते. आणि कापडबाजारात काडी पेटवू नका, धागे मागून घ्या आणि बाहेर रस्त्यावर येऊन जाळा.