कायदा रद्द करण्याचा अधिकार न्यायालयांनी बळकावला, हे कुठून आले?

रानजाई
कालच्या चर्चेत ‘सह्यकडा’ यांनी ठामपणे लिहिले की, संसदेचा कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा अधिकार न्यायाधीशांनी १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात स्वतःच स्वतःला देऊन टाकला. त्याला अनेकांनी दुजोरा दिला, म्हणून सविस्तर लिहिते. मूलभूत हक्कांवर घाला घालणारा कायदा तेवढ्यापुरता शून्यवत ठरतो, असे अनुच्छेद १३ पहिल्या दिवसापासून सांगतो, आणि त्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट अनुच्छेद ३२ देतो, ज्याला बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा आत्मा म्हटले होते. १९५१ मध्येच बलसारा खटल्यात मुंबईच्या दारूबंदी कायद्यातली मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने बाळगण्यावरची बंदी रद्द झाली, बाकीचा बहुतेक कायदा शाबूत राहिला. त्याही आधी, १९४३ मध्ये, मुंबई सरकारने स्थानबद्ध केलेल्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने भारत संरक्षण नियमांतला २६ वा नियम अवैध ठरवला. ऐन युद्धाच्या काळात त्या कोर्टाचे मुख्य न्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी हा निकाल दिला, हे विसरू नये.

सह्यकडा
अनुच्छेद १३ मीही वाचलेला आहे, शिकवणी नको. तळपदे प्रकरणात रद्द झाला तो सरकारने केलेला नियम, विधिमंडळाचा कायदा नव्हे, आणि काही दिवसांत वटहुकूम काढून सरकारने ती फट बुजवलीसुद्धा. माझा आक्षेप घटनादुरुस्तीबाबत आहे. ‘मूलभूत संरचना’ हे शब्द घटनादुरुस्तीच्या अनुच्छेद ३६८ मध्ये कुठे आहेत? १९५१ मध्ये शंकरी प्रसाद खटल्यात याच न्यायालयाने घटनादुरुस्तीला अनुच्छेद १३ लागू नाही असे म्हटले, १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच मतांनी ते फिरवले, आणि १९७३ मध्ये केशवानंद खटल्यात सात विरुद्ध सहा मतांनी तिसरेच सांगितले: दुरुस्ती करा, पण घटनेच्या मूलभूत संरचनेला हात लावू नका. त्या विरोधी सहांत न्यायमूर्ती पालेकर आणि यशवंतराव चंद्रचूड होते. संसदेला दोन तृतीयांश मते मिळवावी लागतात, न्यायालयाला एक पुरते.

खोतवाडी
तुम्ही केशवानंदवर भांडता, पण आमच्यासाठी न्यायालयाचे दार १९५१ मध्येच बंद झाले. पाटणा उच्च न्यायालयाने मार्चमध्ये बिहारचा जमीनसुधारणा कायदा रद्द केला आणि सरकारने जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती करून नववी अनुसूची जोडली, म्हणजे तिच्यातल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान देता येऊ नये. त्यात दुसऱ्याच क्रमांकावर मुंबईचा १९४८ चा कुळकायदा आहे. माझ्या विधवा पणजीची भातशेती त्यात गेली, सातबाऱ्यावर कुळाचे नाव चढले आणि तिच्या हाती आले ते किरकोळ रकमेचे हप्ते. मूलभूत हक्क सगळ्यांचे असतील, तर तिचे का नव्हते?

बांधावरचा
ताई, विधवेच्या जमिनीला कलम ३२-फ ने संरक्षण होते, कुळांना जमिनीची मालकी देणारा १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन तिला लागूच नव्हता, तेव्हा अर्धी हकीकत सांगू नका. माझे आजोबा निम्मे भात खंड म्हणून मालकाच्या खळ्यावर टाकून येत. त्याची पावती त्यांना कधी मिळाली नाही, त्यामुळे कूळ असल्याचा पुरावा म्हणून पीकपाहणीच्या रकान्यात नाव लागावे यासाठी त्यांना तलाठ्याच्या दारात बसून राहावे लागले. त्या काळी हायकोर्टात वकील उभा करण्याची ऐपत कोणाची होती? नववी अनुसूची नसती, तर तुमच्यासारख्यांचे अर्ज आमच्या हयातीत निकाली निघाले नसते.

खोतवाडी
‘तुमच्यासारख्यांचे’ म्हणजे कोणाचे? माझ्या पणजीला खोटे पाडण्याआधी विचार करा. कलम ३२-फ होते, हे मान्य. पण ज्या कचेरीत तिला चौकशीला बोलावले, तिथे त्या निरक्षर बाईला ते कोणी सांगितले नाही, आणि तिच्या पश्चात मुदतीचे कागद आमच्या घरात कोणाला कळले नाहीत. तुमच्या आजोबांना पावती मिळाली नाही, हा अन्यायच होता. त्याची भरपाई माझ्या पणजीने का करायची?

बांधावरचा
कारण जमीन ते कसत होते. तेवढे एक कारण मला पुरेसे वाटते.

रानजाई
दोघांनी आवाज खाली आणावा. तुमच्या भांडणातच सह्यकडांना उत्तर आहे. न्यायालयांना कायदा तपासण्याचा अधिकार नसता, तर १९५१ मध्ये कायदे नवव्या अनुसूचीत ठेवून वाचवण्याची गरजच पडली नसती. कुळकायदा आजही सुरक्षित आहे, कारण २००७ च्या कोएल्हो निकालाने मूलभूत संरचनेची कसोटी लावली ती २४ एप्रिल १९७३ नंतर, म्हणजे केशवानंद निकालानंतर, अनुसूचीत आलेल्या कायद्यांना. शिवाय १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने कोणत्याही घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही असे लिहून ठेवले होते. ते कलम १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात रद्द झाले नसते, तर तुम्हाला चालले असते का?

सह्यकडा
नसते चालले. साध्या कायद्यांपुरते तुमचे म्हणणे मी स्वीकारतो, ‘बळकावला’ हा शब्द मात्र घटनादुरुस्तीबाबत कायम ठेवतो. केशवानंदनंतर तीनच वर्षांनी, १९७६ मध्ये, आणीबाणीत तुरुंगात डांबलेल्या माणसाला सुटकेसाठी न्यायालयात दादच मागता येणार नाही, असे याच न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना तेवढे वेगळे उभे राहिले. संसदेला मर्यादा हवी हे मान्य करतो, पण ती मर्यादा न लिहिलेल्या तत्त्वातून काढण्याचे काम अशा न्यायालयावर सोपवायला मी आजही तयार नाही.